लोगनच्या माळावरचे तीन ठोके

वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. मला कुणी ही हकिगत सांगितली असती तर मीही हसलेच असते.

पण यातला शेवटचा भाग घडला तेव्हा मी तिथं होते. गाडीत, मागच्या सीटवर. आणि जे घडलं ते दिवसाढवळ्या घडलं.

साल २००९. ऑक्टोबरचा दुसरा रविवार. सकाळचे साडेसात. अंधार नव्हता, वादळ नव्हतं. स्वच्छ कोवळं ऊन पडलं होतं.

जागा... फिलाडेल्फियाच्या उत्तरेकडचा लोगन. तिथला मोकळा माळ.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मामा, अलॉन्झो टिस्डेल. घरात सगळे त्याला लॉनी म्हणायचे.

मामा शहराच्या पाणीखात्यात होता. त्याचं काम होतं ऐकण्याचं. हो, ऐकण्याचंच! रस्त्याखालची नळी कुठं फुटली आहे ते वरून दिसत नाही. मग मामा जमिनीवर एक जड, घंटेच्या आकाराचं यंत्र ठेवायचा, कानांना हेडफोन लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. फुटक्या नळीचा आवाज अगदी बारीक असतो. दातांच्या फटीतून कुणी हवा सोडावी तसा. तो सापडला की मामा बुटाच्या टाचेने जमिनीवर फुली काढायचा आणि म्हणायचा, "इथं खणा."

एकतीस वर्षं हे काम केलं त्याने. फुली चुकल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. चर्चमध्येसुद्धा तो जायचा ते आजीच्या धाकाने.

आता त्या माळाबद्दल थोडं सांगते.

आज तिथं कमरेएवढं गवत आहे, फेकलेले टायर आहेत, फाटक्या गाद्या आहेत. पण एके काळी तिथं नऊशेहून जास्त घरं होती. भिंतीला भिंत लागलेली, लांबच लांब ओळीतली. प्रत्येकाला पुढे व्हरांडा. मामा आणि माझी आई तिथंच वाढले.

घरांच्या आधी तिथं ओढा वाहत होता. तो विटांच्या भुयारात कोंडला, वरची दरी कोळशाची राख टाकून बुजवली आणि त्या राखेवर घरं उभी केली. पुष्कळ वर्षं काही झालं नाही. मग राख खचायला लागली. आजीच्या स्वयंपाकघरात फरशीवर संत्रं ठेवलं की ते आपोआप घरंगळत मागच्या दाराशी जाऊन थांबायचं. आम्हा पोरांचा तो खेळ होता!

८६ साली जवळच गॅसची नळी फुटून स्फोट झाला. तपासणी झाली. तेव्हा कळलं की अख्खी वस्तीच खाली चालली आहे.

लोकांना उठवलं. घरं एकेक करत पाडली.

राहिले ते फक्त रस्ते. दिव्यांचे खांब. आणि फुटपाथवरून वर चढणाऱ्या दोन-तीन पायऱ्या... ज्यांच्यापुढे काहीच नाही.

त्या रविवारी मामाला तिथं पाठवलं होतं, कारण माळाच्या मधोमध पाणी साचलं होतं. तीन आठवडे पाऊस नव्हता आणि तळं वाढतच होतं. एखादी जुनी नळी बंद करायची राहून गेली असेल, असा साहेबांचा अंदाज. रविवारची सकाळ अशासाठी, की शेजारच्या बुलेव्हार्डवर, त्या रुंद हमरस्त्यावर, तेव्हा गाड्या कमी असतात.

मामाबरोबर इफ्राइन मोंताल्वो होता. पोर्तो रिकोचा, मामाच्याच वयाचा. गाडी चालवायचा आणि तोंडही चालवायचा.

"टिस्डेल, चर्च सोडून गवताचं काय ऐकतोयस रे?"

"गवत तुझ्यापेक्षा कमी बोलतं, म्हणून ऐकतोय."

"बायको म्हणते, हा कान घरी का चालत नाही? मी म्हटलं, टिस्डेलला विचारून सांगतो."

मामा हसला. पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तो त्या माळावर सतरा वर्षांनी आला होता.

एक वाकडा दिव्याचा खांब त्याने ओळखला. लहानपणी सायकल आदळून पुढचा दात त्यानेच तिथं पाडून घेतला होता. त्या खांबापासून त्याने अंदाज घेतला. हा आमचा व्हरांडा. ही बैठकीची खोली. हा जिना...

आणि तळं होतं ते बरोबर स्वयंपाकघराच्या जागी.

आमच्या आणि शेजारच्या झारेत्स्कीबाईंच्या स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवर.

त्याने यंत्र ठेवलं. हेडफोन लावले. डोळे मिटले.

काहीच नाही.

म्हणजे खरोखर काहीच नाही! बुलेव्हार्ड दीडशे पावलांवर. तिथल्या ट्रकची घरघर जमिनीतून यायलाच हवी. खालच्या भुयारातल्या पाण्याची खळखळ यायला हवी. मामाने असं ऐकू न येणं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. त्याने बटणं तपासली. यंत्र चालू होतं.

आणि मग...

बशीवर बशी ठेवल्याचा आवाज आला.

मामाने डोळे उघडले. समोर गवत. त्याने पुन्हा मिटले.

पाण्याची बारीक धार. खुर्ची ओढल्यासारखं काहीतरी. सपाता घासत कुणीतरी चाललं... थांबलं.

टक... टक...

धातूवर धातू. चमचा नळीवर मारल्यासारखा.

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण हा आवाज त्याने यापूर्वी हजार वेळा ऐकला होता.

आजीचं आणि झारेत्स्कीबाईंचं ठरलेलं होतं. दोघीही विधवा. दोघींची सिंक एकाच भिंतीला, पाठीला पाठ लावून. रोज सकाळी झारेत्स्कीबाई चमच्याने नळीवर दोन ठोके द्यायच्या. मग आजी इकडून दोन द्यायची. मी ठीक आहे, तू ठीक आहेस. संपलं. दिवस सुरू! आजी कामावर असली की हे उत्तर मामा द्यायचा, शाळेचं दप्तर पाठीवर अडकवून.

झारेत्स्कीबाई ८८ च्या जानेवारीत गेल्या होत्या. त्याच घरात.

टक... टक...

मामा पुढे मला म्हणाला, "जॅनेल, मी विचार करून केलं नाही गं. हातच गेला." त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. त्याने खाली वाकून यंत्राच्या लोखंडी कडेवर दोन ठोके दिले.

सपातांचा आवाज जवळ आला. अगदी जवळ. यंत्राच्या बरोबर खाली.

टक. टक. टक.

तीन.

मामा थबकला. तीनचा अर्थ त्याला माहीत नव्हता.

टक! टक! टक!

आता घाईघाईने. जोरात. मारणाऱ्याचा हात थरथरत असावा तसे.

मामाने हेडफोन ओरबाडून काढले. बाहेर सगळं जसंच्या तसं होतं. बुलेव्हार्डवर गाड्या, इफ्राइनच्या हातात कॉफीचा कप.

"काय झालं रे? भूत बघितल्यासारखा काय उभा आहेस?"

मामाने हेडफोन त्याच्यापुढे धरले. इफ्राइनने हसत हसत ते कानांना लावले. ऐकलं. हसू तसंच तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

"नळ," तो म्हणाला. "कुणीतरी नळ पूर्ण सोडलाय. सिंकमध्ये पडतोय... बदाबदा."

"टकटक ऐकू येतेय?"

"नाही. फक्त नळ." त्याने हेडफोन काढून गवतावर ठेवले आणि क्रूसाची खूण केली. "टिस्डेल, नकाशा मी बघितलाय. इथं नळी नाहीये. सगळ्या उपटून नेल्यात. मी गाडीत बसतो. तूही चल."

दुसऱ्या दिवशी खणणारे आले. सात फूट खणलं. नळी सोडा, नळीचा तुकडासुद्धा नाही. राख, विटांचे तुकडे, फुटकी चिनी मातीची भांडी. तळाशी गढूळ पाणी वर येत होतं. 'जमिनीतलं पाणी' असा शेरा मारून खड्डा खडीने बुजवला. एकतीस वर्षांत मामाने फुली काढली नव्हती अशी ती पहिलीच जागा.

त्याने आठवडाभर कुणालाच काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे आजीकडे जेवायला होतो. आजी, अर्नेस्टीन टिस्डेल, तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. जर्मनटाउनमध्ये दोन खोल्यांत एकटी राहायची. गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. तळलेले मासे, कोलार्डच्या पानांची भाजी, मक्याचा ब्रेड. मी ताटं वाढत होते.

"लॉनी, मासा काय बघून पोट भरणार आहे का? की बायकोने घरून खाऊन पाठवलंय?"

"भूक नाही आई."

"भूक नाही! अरे, ज्या दिवशी तुझ्या बापाला पुरलं त्या दिवशी तू चार माशांचा फडशा पाडला होतास. आज कोण मेलंय?"

मामाने ब्रेडचा तुकडा मोडला. मग हळूच म्हणाला, "आई, मी गेल्या रविवारी आपल्या जुन्या घरी गेलो होतो."

"घर कुठं आहे तिथं? गवत आहे."

"गवताखाली... कुणीतरी ठोके देतंय."

आजी भाजी वाढत होती. डाव हवेत राहिला.

"किती?"

बस्स. 'कोण देतंय' नाही, 'वेड लागलंय का' नाही. फक्त, किती.

"आधी दोन. मी उत्तर दिलं. मग तीन. सारखे तीन."

आजीने डाव भांड्यात ठेवला. खुर्ची ओढून बसली. टेबलावरची मिठाची डबी तिने जवळ ओढली.

"दोन म्हणजे मी ठीक आहे," ती म्हणाली. "तीन म्हणजे... ये."

माझ्या आईने ताट बाजूला सारलं.

"तुम्हाला कुणाला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नव्हते." आजीचा आवाज एरवीसारखाच कोरडा होता, पण ती तो धरून ठेवत होती. "आम्ही काळे लोक त्या गल्लीत राहायला गेलो तेव्हा ब्लूमाचे, म्हणजे झारेत्स्कीबाईंचे, सगळे ज्यू लोक घरं विकून निघाले. दोन वर्षांत गल्ली रिकामी केली त्यांनी. का, ते तुम्हाला सांगायला नको. ती एकटी थांबली. पहिल्याच दिवशी केक घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, 'साखर कमी झालीय, तोंड वाकडं करू नका.'"

आजी किंचित हसली.

"मग घरं खचायला लागली. घर सोडायच्या सह्या घ्यायला माणसं आली. मी म्हटलं, मी हलणार नाही. वीस वर्षं हॉस्पिटलातल्या चादरी धुऊन घेतलंय हे घर, असंतसं नाही. आणि ब्लूमाने सही केली. मला न विचारता. मुलाकडे जाणार म्हणाली. तिचं घर पाडलं की माझी भिंत उघडी पडणार. मग मी कशी राहणार? मी तिच्या व्हरांड्यात उभी राहून, सगळ्या गल्लीसमोर तिला म्हटलं, 'तुम्ही लोक नेहमी आधी पळता.'"

"आई..." माझी आई म्हणाली.

"थांब. तिलाच म्हटलं. जी पळाली नव्हती तिलाच." आजीने ओठ पुसले. "त्यानंतर अकरा दिवस ती रोज सकाळी दोन ठोके देत होती. आणि अकरा दिवस मी उत्तर दिलं नाही. बाराव्या दिवशी संध्याकाळी तीन आले. मी भांडी घासत होते. मला वाटलं, आली माफी मागायला. कशाला जाऊ? पुन्हा तीन आले. मग मी..."

तिने मिठाची डबी दूर सारली.

"मग मी नळ पूर्ण सोडला. म्हणजे ऐकू येणार नाही."

मामाने काटा ताटात ठेवला. अगदी हळू. इफ्राइनने काय ऐकलं होतं ते त्याने आजीला सांगितलं नव्हतं. आम्हालाही नाही. ते त्याने मला नंतर सांगितलं. पण त्याचा चेहरा तेव्हाच राखेसारखा झालेला मी बघितला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी दोन आले नाहीत. किल्ली होती माझ्याकडे. आत गेले तर ब्लूमा सिंकपाशी खाली पडली होती. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव असेल." आजीने मामाकडे बघितलं. "चमचा हातात होता रे. सोडवताना मला तिची बोटं उघडावी लागली."

भांड्यातली भाजी गार झाली.

मग आजी टेबलाला धरून उठली. "जॅनेल, माझी टोपी आण. चर्चची, निळी."

"कुठं निघालीस?" मामाने विचारलं.

"तिने बोलावलंय ना?"

"आई, वेडेपणा करू नकोस. खड्डा बुजवलाय. तिथं काही नाही."

"काही नाही तर तू आठवडाभर झोपला का नाहीस? डोळे बघ आरशात. तू नेणार नसशील तर मी बसने जाते, हा वॉकर घेऊन. बस बदलताना पडले तर पेपरात नाव येईल तुझं."

तिच्यापुढे कुणाचं चालणार?

दुपारचे चार वाजले असतील. ऊन पिवळं झालं होतं. मामाने गाडी जुन्या गल्लीत, गवताला लागून उभी केली. त्याच्या डिकीत एक जुनी ऐकायची काठी कायम असायची. यंत्रं येण्याआधीची. लोखंडी सळई, वरच्या टोकाला कानाला लावायची लाकडी वाटी. ना वायर, ना बॅटरी. ती त्याने बरोबर घेतली, आणि घडीची खुर्ची. आजीला दोघांनी धरून आम्ही त्या बुजवलेल्या खड्ड्यापाशी नेलं. खडी ओली होती.

मामाने सळई खडीत रोवली. आजी बसली. टोपी काढून माझ्या हातात दिली, आणि वाटीला कान लावला.

"तुम्ही दोघं जा लांब," ती म्हणाली. "माझं नि तिचं आहे."

आम्ही वीस-पंचवीस पावलं मागे आलो.

आजी वाकून बसली होती. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग तिने डावा हात उचलला आणि लग्नाच्या अंगठीने सळईवर ठोके दिले. किती ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग ती बोलायला लागली. शब्द कळत नव्हते. थांबायची, ऐकायची, मान हलवायची. एकदा तर हसली. फोनवर जुन्या मैत्रिणीशी बोलावं तशी.

वारा पडला होता.

मला आठवतं, मी मामाला म्हटलं, "मामा, बुलेव्हार्डचा आवाज..."

तो म्हणाला, "हो. मलाही येत नाहीये."

गाड्या दिसत होत्या. एकामागून एक जात होत्या. आवाज नव्हता.

पाऊण तास गेला. शेवटी आजीने हात वर केला. तिचा चेहरा... कसं सांगू? दमलेला होता, पण कित्येक वर्षांच्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवल्यासारखा सपाट, शांत. ती काही बोलली नाही. तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. काचा वर केल्या, कारण तिला गार लागत होतं. मी मागे बसले. मामा खुर्ची आणि काठी आणायला परत गेला.

मी त्याला काचेतून बघत होते. त्याने खुर्ची मिटली. काठी उपटायला हात घातला... आणि थांबला. मला वाटलं, आता उचलेल. पण तो खाली वाकला आणि त्याने वाटीला कान लावला.

एकतीस वर्षांची सवय. राहवलं नसेल.

त्याने काय ऐकलं ते त्याच्याच शब्दांत सांगते, कारण ते मी कधी बदललेलं नाही.

"पाणी नव्हतं," तो म्हणाला. "ठोकेही नव्हते. दोन बायका गप्पा मारत होत्या. कपबशा वाजत होत्या. एक झारेत्स्कीबाई. त्यांचं ते घशातून बोलणं मी विसरणार नाही. आणि दुसरी... दुसरी आई होती. म्हणत होती, साखर कमीच झालीय गं. मग खुर्ची सरकली. आणि आई मला म्हणाली, अगदी कानाशी, 'लॉनी, दार लोटून घे जाताना. गार वारं येतंय.'"

मी बघितलं ते इतकंच, की मामा ताडकन सरळ झाला आणि वळून आमच्या गाडीकडे बघायला लागला.

आजी माझ्यापुढे बसली होती. आरशात मला तिचं तोंड दिसत होतं. ती समोर बघत होती. ओठ मिटलेले. ती एक शब्दही बोलली नव्हती. मी शपथेवर सांगते, एकही नाही.

मामाने काठी तिथंच टाकली. पळत गाडीशी आला. दार उघडलं.

"आई, तू आत्ता काही बोललीस?"

"नाही."

"जॅनेल?"

"नाही मामा. ती गप्पच आहे."

तो स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.  किल्ली लागत नव्हती. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "ती काय म्हणाली तुला?"

आजीने माझ्या हातातली टोपी मागून घेतली. मांडीवर ठेवली.

"रागावली नव्हती रे," ती म्हणाली. "म्हणाली, आलीस ना, मग बस जरा."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बसते."

गाडी बुलेव्हार्डला लागली आणि एकदम सगळे आवाज परत आले. हॉर्न, इंजिनं, कुणाच्या तरी गाडीतलं गाणं. मी रडायला लागले. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मामाने ख्रिसमसच्या आधी निवृत्तीचा अर्ज दिला. माळावरचं तळं आटलं, असं इफ्राइनने फोन करून सांगितलं. आपणहून. कशाने, ते कुणाला कळलं नाही. काठी त्याने शोधली म्हणे, पण ती तिथं नव्हती.

आजी पुढे चार वर्षं जगली. तब्येत चांगली होती. रागावणं कमी झालं, कुणाला टोमणे मारणं तर जवळजवळ बंदच झालं. सगळे म्हणायचे, म्हातारी किती गोड झालीय. पण हाक मारली की लगेच ओ द्यायची नाही. थोडा वेळ जायचा. मग ती आपल्याकडे बघायची आणि उत्तर द्यायची... जणू तिला दुसऱ्या खोलीतून उठून यावं लागलं आहे.

मामा दर रविवारी तिच्यासमोर बसायचा. ती बोलत असताना तो तिच्या डोळ्यांत बघायचा नाही. तो तिच्या ओठांकडे बघायचा.

ती गेली तेव्हा मामा रडला नाही. दफन झाल्यावर सगळे पांगले, तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिकडे कधी कान लावू नकोस. मला कबूल कर." मी कबूल केलं. दोन वर्षांनी तोही गेला.

मी शब्द पाळला आहे. त्या बाजूला जातच नाही.

दर मे महिन्यात मी कबरस्तानात जाते. दगडावर आजीचं नाव आहे, तारखा बरोबर आहेत. शवपेटीत तिला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मी गवत उपटते, दगड पुसते, फुलं ठेवते. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, फुलं खाली ठेवताना मला वाटतं...

मी चुकीच्या जागी आले आहे.